दोन खाटांची खोली

३ फेब्रुवारी

चष्मेवाल्यांचं म्हणणं, मी मधूनमधून स्क्रीनवरून नजर काढून कागदाकडे बघावं, नाहीतर उतारवयात डोळे दगा देतील. चष्मेवाले म्हणजे माझे यजमान. चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. मी तिथे गिऱ्हाईक म्हणून गेले होते आणि आठ वर्षांपूर्वी लग्न करून बसले. चष्मा मात्र अजून नाकावरून घसरतो. भिंगांच्या कंपनीने त्यांना ही डायरी भेट दिली, त्यांनी ती मला दिली. म्हणजे लिहायचं ते डोळ्यांचा व्यायाम म्हणून. मनाचा वगैरे नाही.

नवा सिनेमा हातात आलाय. संकलन माझं. दिग्दर्शिका पस्तिशीची आहे आणि आवाज असा की सेटवर सगळे तिला टिटवी म्हणतात. तोंडावर म्हणतात, तिला चालतं. गोष्ट मेल्यानंतरची आहे. माणूस मरतो आणि एका मोठ्या वसतिगृहात पोचतो. लांबच लांब व्हरांडे, हिरवट भिंती, प्रत्येक खोलीत दोन खाटा. तिसरी खाट मिळत नाही, नियम आहे. आणि ज्या वयात मेलात त्याच वयाचे राहता. गोष्टीतल्या माणसाची पहिली बायको छत्तिसाव्या वर्षी गेलेली. तो सत्तरीत पोचतो. पाठोपाठ दुसरी बायको येते, पासष्टची. पात्रांना नावंच नाहीत. तो, पहिली, दुसरी. वसतिगृहाचा कारकून चष्मा पुसत विचारतो, "बोला, कुणाबरोबर राहणार?"

टिटवीने गोष्ट सांगून संपवली आणि म्हणाली, "ताई, हा तुम्हीच करायचा असं मी का ठरवलं, माहितीये?"

"मी दुसरी आहे म्हणून," मी म्हटलं.

ती गोंधळली. "तुम्ही दुसऱ्या आहात? मला नव्हतं माहीत. मी म्हणणार होते, तुम्ही रडत नाही म्हणून."

उगाच बोलून गेले.

९ फेब्रुवारी

लेक आली. माझी नव्हे, यांची. सातवा महिना आहे, जावई जहाजावर असतो आणि त्याचं जहाज जूनशिवाय परतणार नाही, म्हणून बाळंतपणाला इकडे. तिची आई ती अकरा वर्षांची असताना गेली. आता ही एकतीस वर्षांची आहे. मला काकू म्हणते. मी दुकानात गिऱ्हाईक होते तेव्हापासून म्हणते, लग्नानंतर बदलायची वेळ कुणी आणली नाही. आमचं भांडण नाही. भांडायला जी ओळख लागते तीसुद्धा नाही.

मी तिला आतली खोली दिली, माझी पुस्तकं बाहेर काढली. ती म्हणाली, "काकू, तुम्हाला त्रास नको." मी म्हटलं, "त्रास कसला." दोघीही इतकं गोड बोललो की चष्मेवाले अस्वस्थ होऊन चहा करायला उठले.

१२ फेब्रुवारी

आज लेकीने विचारलं, "आईचा फोटो खोलीत लावला तर चालेल का? दुकानातला आणते."

पहिलीचा फोटो दुकानात असतो, गल्ल्याच्या वरच्या भिंतीवर. घरात नाही. लग्नाच्या आदल्या आठवड्यात यांनी तो इथून तिकडे नेला. मला त्याचं काही नाही. फक्त हिशेब असा होतो की दिवसाचे जागे तास ते तिच्यासोबत असतात आणि झोपायला घरी येतात.

मी म्हटलं, "लाव की. मला काय अडचण?"

चष्मेवाले पटकन म्हणाले, "नको. तो तिथेच बरा आहे."

लेकीने विषय सोडला. मीही. माणसाला एखादी गोष्ट स्वतःपुरती ठेवायची असते, ते मी समजू शकते.

१८ फेब्रुवारी

फुटेज बघून संपलं. पहिलीचं काम करणारी मुलगी चांगली आहे, डोळ्यांत पाणी आणायला तिला सांगावं लागत नाही. दुसरीचं काम करणाऱ्या बाई जुन्या नाटकवाल्या. त्या काहीच करत नाहीत आणि नजर मात्र त्यांच्यावरच जाते. अशा नटांमुळे संकलकाची पंचाईत होते, कारण कापायचं कुठे तेच कळत नाही.

सगळ्यात चांगला प्रसंग पुनर्भेटीचा. तो व्हरांड्यातून येतो, वाकलेला, टक्कल पडलेलं. पहिली समोरून येते आणि त्याच्या शेजारून सरळ पुढे निघून जाते. तिने ओळखलेलंच नसतं. तो हाक मारतो. ती वळते आणि म्हणते, "काय हवंय आजोबा?"

मी तो प्रसंग चार वेगवेगळ्या लांबीचा करून पाहिला. सगळ्यांत छोटा ठेवला. लांब ठेवला की लोक हसतात.

२५ फेब्रुवारी

चष्मेवाल्यांचं काहीतरी बिनसलंय. दुपारी दुकान बंद करून घरी येतात आणि लेकीच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचतात. म्हणजे उघडून धरतात. पान उलटल्याचा आवाज येत नाही. ती शिंकली तरी उठतात. शिवाय रोज सकाळी मला विचारतात, "तू रक्तदाब तपासलास का?" माझा काय संबंध? मी म्हटलं, "गरोदर मी नाही." ते म्हणाले, "तरी तपास."

लेकीच्या येण्याने जुने दिवस वर आले असणार. स्वाभाविक आहे. तिचं नाक आणि हनुवटी आईचीच आहे, फोटोत बघितलंय.

४ मार्च

लेक घरी कंटाळते म्हणून आज माझ्याबरोबर एडिटला आली. माझी खोली धोबीदुकानाच्या वर आहे. खालून दिवसभर इस्त्रीच्या वाफेचा वास येतो आणि भिंत कोमट असते. मागे एक जुना सोफा आहे, त्यावर ती पाय वर घेऊन बसली. मला वाटलं, झोपेल. पण ती बघत होती.

पहिलीचा एक प्रसंग चालू होता. ती खिडकीत बसून त्याची वाट बघते, वर्षानुवर्षं, मंद हसत. मागून लेक म्हणाली, "माझी आई अशी अजिबात नव्हती."

मी मशीन थांबवलं.

"वाट बघायची नाही ती. पाच मिनिटं उशीर झाला की दाराला कुलूप लावून निघून जायची. बाबा पायरीवर. एकदा तिने बशी फेकून मारली होती, लागली शेजाऱ्यांच्या मांजराला. आणि पत्त्यांत फसवायची. माझ्याशीसुद्धा. मी आठ वर्षांची होते, काकू!"

मी हसले. मग विचारलं, "बाबांना काय म्हणायची?"

"पांढरपेशा बैल," ती म्हणाली आणि पोट धरून हसायला लागली. हसता हसता थांबली. "आवाज आठवत नाही तिचा. ओरडलेली वाक्यं आठवतात, पण आवाज नाही. मी ती वाक्यं मनात म्हणते तेव्हा माझ्याच आवाजात ऐकू येतात."

आठ वर्षांत मी पहिलीबद्दल पहिल्यांदाच काही ऐकलं. हे कधी बोलत नाहीत. मला वाटायचं, ती फार शांत, सोशिक असणार. फोटोत तशी दिसते. बशी फेकणारी असेल असं वाटलं नव्हतं.

का कोण जाणे, बरं वाटलं.

११ मार्च

लेक आता रोज येते. सोफ्यावर पडून मत देते. "ही फार वेळ रडतेय." "याला अजून एकदा पडू दे." तिचं ऐकून मी दोन ठिकाणी कापलं. जेवायचा डबा आता एकच मोठा आणतो. मी तिला पहिलीबद्दल विचारते, ती सांगते. म्हणजे कामासाठी. पात्र समजून घ्यायला उपयोग होतो.

आज कळलं की पहिलीला यांच्या कामाचा अभिमान होता, पण ती स्वतः कधी डोळे तपासून घ्यायची नाही. चुकीच्या बसमध्ये चढायची आणि कंडक्टरशी भांडायची. मी ते ऐकलं आणि तिच्या बाजूने म्हटलं, "मग बसच्या पाट्या मोठ्या करायला हव्यात." लेक माझ्याकडे बघतच राहिली.

१५ मार्च

रफ कट तयार झाला. बाहेरच्या एखाद्या माणसाने तो बघायला हवा होता, म्हणून आज सुट्टीच्या दुपारी चष्मेवाल्यांना बोलावलं. टिटवीही होती.

नोंद ठेवते. पुनर्भेटीच्या प्रसंगात ते नीट बसून होते. "काय हवंय आजोबा"ला मोठ्याने हसले. पहिली त्याच्या टकलावरून हात फिरवते तेव्हाही ठीक होते. मग दुसरी येते. पिशवी हातात धरून ती व्हरांड्यात उभी राहते. तो आणि पहिली दूरवर बोलत असतात. तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. ती पिशवी खाली ठेवत नाही, नुसती या हातातून त्या हातात घेते. बस इतकंच. इथे हे उठून बाहेर गेले.

प्रसंग लांबलाय. उद्या छोटा करते.

परत आले तेव्हा डोळे लाल. म्हणाले, "काहीतरी गेलं डोळ्यात." मी म्हटलं, "तुमच्याच धंद्यातलं दुखणं." टिटवी माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती. म्हणाली, "ताई, तो शॉट छोटा करू नका." का, ते सांगितलं नाही.

२० मार्च

निर्माते आले. फरश्यांच्या धंद्यातून सिनेमात आलेत, म्हणून फरशीवाले. माणूस वाईट नाही, उभा राहिला की पायाने जमीन तपासतो एवढंच. स्क्रिप्टमध्ये शेवट असा आहे: तो पहिलीबरोबर राहायला जातो, दुसरी हसून हात हलवते आणि व्हरांड्याच्या टोकाला दिसेनाशी होते. तसंच शूट केलंय. फरशीवाल्यांना तो शेवट फार आवडला.

"लोकांना पहिलं प्रेम लागतं," ते म्हणाले. "दुसरीने त्याग केला की थिएटरात रुमाल निघतात."

टिटवी अजून स्क्रीनकडेच बघत होती. स्क्रिप्ट तिनेच लिहिलंय. मग अचानक म्हणाली, "ती कुठे जाते पण?"

"कोण?"

"दुसरी. व्हरांड्याच्या टोकाला काय आहे? आम्ही तिथे पत्र्याची शेड होती म्हणून कॅमेरा वळवला नाही."

फरशीवाले म्हणाले, "अहो, ते प्रतीकात्मक आहे."

मी मत दिलं नाही. मला विचारलंही नव्हतं. पण फरशीवाले निघताना म्हणाले, "ताई, तुम्ही अनुभवी आहात. तुम्हाला काय वाटतं, खऱ्या आयुष्यात तो कुणाबरोबर जाईल?"

मी म्हटलं, "पहिलीबरोबर." पटकन म्हटलं. विचार करायची गरज पडली नाही.

सोफ्यावरून लेक उठून बाहेर गेली. तिला हल्ली सारखं जावं लागतं.

२१ मार्च

टिटवी सकाळी लवकर आली, हातात दोघींसाठी कॉफी. बसली आणि सांगायला लागली. शिकत असताना ती मुलींच्या वसतिगृहात होती. दोन खाटांची खोली. तिची खाट खिडकीजवळ, मैत्रिणीची दाराजवळ. चार वर्षं एका खोलीत. मग मैत्रिणीचं लग्न, हिची नोकरी, फोन कमी कमी होत गेले. तीन वर्षांपूर्वी मैत्रीण गेली, मेंदूत गाठ. हिला कळलं ते तिच्या नवऱ्याने सगळ्यांना पाठवलेल्या मेसेजमधून.

"मला वाटत होतं मी नवरा-बायकोच्या प्रेमावर सिनेमा करतेय," ती म्हणाली. "काल निर्मात्यांशी बोलताना कळलं, मी त्या खोलीवर करतेय. आणि ती खोली सिनेमात कुठेच नाही. खाटा आहेत नुसत्या."

तिचा आवाज आज कर्कश नव्हता. मी म्हटलं, "दोघी बायका एकत्र असलेलं किती शूट केलंय?"

"एक प्रसंग. त्यात भांडतात."

"ठीक. बघते."

२८ मार्च

सापडलं. शोधत होते असं नाही, सगळं परत बघत होते.

भांडणाच्या प्रसंगाचा शेवटचा टेक. टिटवीचा आवाज ऐकू येतो, "कट!" पण कॅमेरावाला बंद करायला विसरला. नाटकवाल्या बाई खाटेवर बसतात आणि चप्पल काढून पाय चोळतात, चप्पल चावत असणार. तरुण मुलगी काही न बोलता खाली बसते, त्यांचा पाय मांडीवर घेते आणि दाबायला लागते. बाई आधी पाय ओढून घेतात. मग राहू देतात. मग मुलगी काहीतरी बोलते, ऐकू येत नाही, आणि दोघी अशा हसतात की बाईंना भिंतीला टेकावं लागतं. मागे उघड्या दारातून 'तो' जाताना दिसतो, आत डोकावतो, आपल्याला इथे काही काम नाही हे त्याला कळतं, आणि जातो.

अभिनय नाही तो. त्या वेळी त्याला खरंच फक्त पाणी हवं होतं म्हणे.

मी ते शेवटी लावलं. दोघी खोलीत. मग त्याचा आधीचाच एक शॉट घेतला, ज्यात वसतिगृहातला एक म्हातारा, जिवंतपणी बस कंडक्टर असलेला, त्याला आपल्या खोलीतली रिकामी खाट दाखवतो. तो बसतो. कंडक्टर घोरायला लागतो. संपलं.

लेक मागून बघत होती. म्हणाली, "परत लाव."

मी परत लावलं. ती मला "लाव" म्हणाली, "लावा" नाही. पडून पडून कंटाळलं की माणूस असं बोलतं.

२ एप्रिल

फरशीवाले भडकले. "प्रेमाच्या सिनेमात नायक कंडक्टरबरोबर झोपायला जातो?" टिटवी अशी काही ओरडली की खालचा धोबी वर बघायला आला. शेवटी ठरलं की दोन्ही शेवट दहा-पंधरा लोकांना दाखवायचे आणि मग ठरवायचं. फरशीवाले त्यांच्या बायकोला आणि मेहुणीला आणणार आहेत. मला वाटतं, ती त्यांची चूक आहे.

९ एप्रिल

चूकच होती. दुसरा शेवट बघून त्यांच्या सौभाग्यवती आणि मेहुणी एकमेकींच्या दंडाला धरून हसल्या, आणि मग दोघींनी एकच रुमाल वापरला. फरशीवाले अंधारात जमीन तपासत बसले होते. निघताना मला म्हणाले, "ठेवा तुमचा कंडक्टर."

आनंद झाला का? काम जमलं की बरं वाटतं, तेवढं वाटलं.

घरी आल्यावर यांना सांगितलं की शेवट बदलला. कसा ते विचारतील वाटलं होतं. ते म्हणाले, "लेकीचे पाय सुजलेत. डॉक्टरांना विचारायला हवं." त्यांना सिनेमात रस नाही हे मला माहीत आहे. त्या दिवशीच दिसलं होतं.

१७ एप्रिल

काल लिहायला जमलं नाही. क्रमाने लिहिते.

सकाळी अकराच्या सुमारास लेक माझ्याकडे सोफ्यावर होती. मी आवाजाची पट्टी जुळवत होते. ती म्हणाली, "काकू, तुमचा सोफा गेला." वळून बघते तर पाण्याची पिशवी फुटलेली. धोबी आणि मी तिला खाली उतरवलं, टॅक्सीत घातलं. यांना फोन केला. ते नुसते "हो" म्हणाले आणि फोन चालूच राहिला. दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज ऐकू आला.

इस्पितळात प्रसूतीच्या खोलीत एकाच नातेवाइकाला सोडतात. नर्सने मला विचारलं, "पेशंटची आई का?"

मी म्हटलं, "नाही, मी तिच्या वडिलांची..."

खाटेवरून लेक ओरडली, "हो म्हणा ना, काकू! नाहीतर आत घेणार नाहीत!"

नर्सने दोघींकडे पाहिलं आणि मला डोक्याला बांधायची टोपी दिली.

पुढचं सगळ्या बायकांना माहीत असतं, मला नव्हतं. तिने माझा हात असा धरला की बोटं अजून दुखतायत. मला शिव्या दिल्या, डॉक्टरांना दिल्या, जहाजावरच्या नवऱ्याला दिल्या. हातात बशी असती तर फेकली असती. मी तिला तसं म्हटलं. ती त्या अवस्थेतही हसली, आणि मग मोठ्याने रडली.

मुलगी झाली. मोठ्या गळ्याची, टिटवीला आवडेल.

त्यानंतर रक्त थांबेना. सगळ्यांच्या हालचाली एकदम भरभर व्हायला लागल्या आणि मला बाहेर काढलं.

बाहेर हे भिंतीला पाठ लावून उभे होते. चेहऱ्यावर रंगच नव्हता. मी सांगितलं, नात झाली. त्यांनी ऐकलंच नाही. "तुला बाहेर का काढलं?" म्हणाले. मी सांगितलं. ते म्हणाले, "हिची आई गेली तेव्हा पण असंच केलं होतं. आधी म्हणाले, साधा ताप आहे. मग सगळे धावायला लागले आणि मला बाहेर बसवलं. मी शहाण्यासारखा बसून राहिलो. कुणी काही सांगेल म्हणून." मग माझ्या खांद्याला धरून मला दाराकडे ढकललं. "तू आत जा. तू बसू नको बाहेर. भांड त्यांच्याशी."

मी गेले. दार वाजवलं. उघडेना, परत वाजवलं. त्यांनी मला तिच्या उशाशी उभं राहू दिलं. तिचा हात गार होता. काय बोलायचं सुचेना म्हणून तिला सिनेमाची गोष्ट सांगायला लागले, सगळी, पहिल्यापासून. कंडक्टरपर्यंत पोचले तोवर रक्त थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. ती डोळे मिटूनच म्हणाली, "तो मधला प्रसंग सोडलात तुम्ही. भांडणाचा."

बाहेर येऊन यांना सांगितलं. ते जमिनीवर बसले. तिथेच, ये-जा करणाऱ्यांच्या पायांत. मीही बसले. माझ्या गुडघ्यांना ते परवडत नाही.

२४ एप्रिल

लेक आणि बाळ घरी. लिहायला फुरसत नाही. काकू हे कुठंय, काकू ते कुठंय. मला या घराची इतकी माहिती आहे हे मला माहीत नव्हतं.

१० मे

सिनेमा पूर्ण झाला. आज दुपारी एका छोट्या थिएटरात काम केलेल्या सगळ्यांना दाखवला. यांना म्हटलं, यायलाच हवं असं नाही. ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. लेक म्हणाली, "जा दोघं, मी आहे ना."

व्हरांड्याच्या प्रसंगात मी तिरक्या नजरेने बघितलं. मी तो छोटा केला नव्हता. दुसरी पिशवी या हातातून त्या हातात घेत होती. हे उठले नाहीत. माझ्या हातातली पर्स त्यांनी काढून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली. जड होती म्हणून असेल.

घरी परतताना चालत आलो. ऊन उतरत होतं. चष्मे, दिवे, नळ अशा दुकानांच्या ओळीतून जाताना ते सवयीने प्रत्येक पाटी वाचत होते. शेवटी मी विचारलं. आठ वर्षांत विचारलं नव्हतं ते.

"तुम्ही कुणाबरोबर गेला असतात?"

त्यांनी थट्टेवारी नेलं नाही. थोडं चालले, मग म्हणाले, "ती गेली तेव्हा मी चाळीसचा होतो. डोक्यावर केस होते, तोंडात सगळे दात होते. कुणाशी वर मान करून बोलायचो नाही. शर्टाचं बटणसुद्धा तीच लावायची. नंतर पोर मोठी केली, दुकान वाढवलं, तू भेटलीस. हा जो मी आहे तो तिने बघितलेलाच नाही. तिथे गेलो तर ती मला कशी ओळखणार?"

"सांगायचं की."

"मी काय सांगणार? मला स्वतःबद्दल नीट बोलता येत नाही. तुला माहितीये सगळं. तूच ओळख करून द्यायला हवीस. म्हणावं, हे असे असे झाले." आणि वर म्हणाले, "तुमचं दोघींचं जमेल. मला भीती तीच आहे."

रस्ता ओलांडायचा होता. एक बस गेली, मग एक सायकल.

"आणि तुम्ही आधी गेलात तर?" मी म्हटलं.

"तर आत नाही जाणार. बाहेरच बसेन कुठेतरी. तू आलीस की बरोबर जाऊ."

मी त्यांना सांगितलं की मला वेळ लागेल, दोन सिनेमे हातात आहेत आणि बाळाची लस आहे महिनाअखेरीला.

"सावकाश ये," ते म्हणाले, आणि माझं कोपर धरून रस्ता ओलांडला.